पंधरा दिवसांत रडत येईल

८ जून, रविवार

नवी वही काढली. सूड घ्यायचा तर तारीखवार लिहिलेलं बरं, नाहीतर माणूस विसरतो आणि माफ करून बसतो.

आज सही केली. ऋतिका, माझी एकुलती एक, सतरा वर्षांची, अकरावी सायन्सला नापास झाल्यापासून दुपारी उठते आणि मोबाईल घेऊन बाल्कनीत बसते. पणजीलगतच्या आमच्या ताळगावातले लोक आता तिला कुंडी समजायला लागले असतील.

सकाळी सासरच्या गावाहून, पाळीहून, माझे दीर दत्तप्रसाद भावोजी आले. फणस आणला होता. म्हणाले, "वयनी, साखळीच्या वाटेर शेतीची शाळा आसा. दोन वर्सांचो कोर्स, हॉस्टेल आसा. चेडवाक थंय घालूंया?" ऋतिकाने मान वर न करता सांगितलं, "चालेल."

मला डाव कळला. गावभर सांगायचं आहे, अभिजीतच्या मुलीला डोकं नाही, शेवटी शेणात घालावी लागली. सांगणारी कोण तेही माहीत आहे. भावोजींची बायको, म्हणजे माझी जाऊ, कमलाक्षी.

म्हणून लगेच सही केली. भावोजी बघतच राहिले. मुलगी पंखा पाचवर असल्याशिवाय झोपत नाही, पाल दिसली की किंचाळते. पंधरा दिवसांत रडत येईल. पणजीतल्या हायर सेकंडरीच्या मॅडमशी बोलून ठेवलं आहे. सायन्सची एक सीट चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या सुट्टीपर्यंत धरून ठेवतील. ती आली की मी भावोजींना फोन करून एवढंच म्हणणार, "झालं समाधान?"

आरशासमोर म्हणून पाहिलं. छान येतं.

१५ जून, रविवार

सोडून आले. बॅगेत मुद्दाम पांढरे बूट घातले.

गेटवर कमलाक्षी आधीच उभी. उशी आणि लोणच्याची बरणी घेऊन. म्हणाली, "भियेवं नाकात, वयनी. हांव लागीं आसां." जवळच आहे म्हणे. मी फक्त हसले. दात न दाखवता.

हिचं काय देणं लागते ते एकदा नीट लिहून ठेवते. माझं माहेर खानापूरकडचं. लग्न होऊन पाळीच्या घरात आले त्या दिवशी मागच्या दारी कुणीतरी म्हणालं, "घांटीण दिसता." आणि हसलं. ती कमलाक्षी नव्हती, तिचं लग्न व्हायला अजून पाच वर्षं होती. पण हसणं अगदी तिच्यासारखं होतं.

हे एक. दुसरं मोठं. ह्यांना जाऊन आता चार वर्षं होतील. त्या वर्षी दुखवट्यामुळे चवथ केली नाही. पुढच्या चवथीला मी तयार होऊन बसले. माझ्या माहेरकडे घरात असं काही झाल्यावर बाईला सणाला न्यायला माणूस येतं. मूळ येतं म्हणतात. घरातलं लहान पोर आलं तरी चालतं. पण यायला हवं. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी नाही. गेल्या वर्षीही नाही. (फोन आला असेल. कमलाक्षीचा फोन मी तत्त्व म्हणून उचलत नाही.)

ज्या घरात ह्यांचं पान मांडलं जात होतं तिथे माझं पान नको झालं. ठीक आहे.

१७ जून, मंगळवार

रडली! दुपारी फोन. गोठ्यात उलटी झाली. बुटांची वाट लागली. म्हशीने शेपटी तोंडावर मारली. मी आवाज हळवा ठेवून म्हटलं, बाळा, वाटेल तेव्हा परत ये.

तिची गादी पंख्याखाली टाकली. चादर बदलली. मॅडमना फोन केला, तयारीत राहा.

२३ जून, सोमवार

फोन नाही. जास्त रडत असेल, म्हणून.

समोरच्या फ्लॅटमधल्या रंजनाने विचारलं, ऋतिका दिसत नाही? तिचा निहार मेडिकलच्या कोचिंगला जातो, आणि तो जातो हे ती जिन्यात प्रत्येकाला सांगते. मी म्हटलं, रिसर्चला गेली आहे. कशातल्या? बायो. खोटं नाही. शेणात काय काय असतं हे शोधणं म्हणजे रिसर्चच.

३० जून, सोमवार

मुदत संपली. आली नाही. पावसाने बस बंद असणार.

(कदंब स्टँडवर जाऊन पाहिलं. बस चालू आहेत. पण गर्दी असते, मुलीला चढायला जमलं नसेल.)

मुदत आणखी पंधरा दिवस वाढवली. पण हातावर हात ठेवून बसायचं नाही. उद्या शाळेवर धाड.

१ जुलै, मंगळवार

तिथल्या शंभू सरांना भेटले. म्हटलं, मुलीला शेणाची, गवताची आणि धुळीची ॲलर्जी आहे, आईच्या जिवाला घोर लागला आहे. वाटलं, घाबरून बिऱ्हाडासकट घरी पाठवतील. सर म्हणाले, "बरें जालें सांगलें, बाय. तिका गोठ्यांतल्यान काडून रोपवाटिकेंत घालतां."

ऋतिका भेटली नाही. काहीतरी कापत होती म्हणे.

५ जुलै, शनिवार

तिचा फोन. रोपवाटिका किती छान, नारळाच्या भुशात बी कसं रुजतं, कुठल्या बियाला आधी रात्रभर भिजवायचं. एवढं बोलली की माझी भाजी करपली. गेल्या दोन वर्षांत मिळून ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती.

शंभू सरांवरही सूड घ्यायचा, हे ठरवलं.

शत्रूची माहिती हवी म्हणून लायब्ररीतून रोपवाटिकेवरचं पुस्तक आणलं. मी सातवीतून काढलेली. वाचायची सवय लग्नानंतर ह्यांच्या पेपरने लागली. आधी मी निधनाच्या बातम्या वाचायचे, कारण त्यांत शब्द तेच तेच असतात. चार वर्षांपूर्वी ह्यांचं नाव त्याच पानावर आलं, ते मात्र कुठे न अडखळता वाचता आलं.

बियांवरचा धडा दोनदा वाचला. चूक सापडली नाही. पुस्तकाची मुदत वाढवून घेणार.

१३ जुलै, रविवार

भेटीचा दिवस. सोबत निहारच्या कोचिंगचं माहितीपत्रक आणि नानकटाई नेली.

मुलगी काळी झाली आहे. नखात माती. माझ्या मुलीच्या नखात माती जाणार नाही अशी मी तिच्या पाचवीला शपथ घेतली होती. वडिलांच्या शेतात मी लग्नाच्या आदल्या आठवड्यापर्यंत राबले, त्या सगळ्याला मागे टाकून आले, ते ह्यासाठी? आणि बोलते कशी. "आई, म्हाका पाणी जाय." पाहिजे नाही, जाय! मी तिला मराठी शाळेत घातली होती.

माहितीपत्रकावर तिने बिया वाळत घातल्या.

मग मला रोपं दाखवली. माटोळीची रोपं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला रानातली फळं बांधतात, ती माटोळी. पाळीच्या घरात माटोळी दर वर्षी हे बांधायचे. ऋतिका म्हणाली, "पप्पा ज्या डोंगरीवरून कवंडळं आणायचे ना, ती डोंगरीच नाही आता. खाण झाली. मी गेले होते बघायला. नुसता खड्डा आणि लाल पाणी. मग पुढच्या वर्षी लोकांनी कुठून आणायचं?" म्हणून ही गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायकांकडून बी गोळा करते आणि रुजवते. कवंडळ, कांगले, माट्टी. प्रत्येक पिशवीवर गावाचं नाव.

मी विचारलं, एकटी फिरतेस? म्हणाली, नाही, काकी असते ना.

काकी म्हणजे कमलाक्षी.

म्हणजे आता तिने ह्यांचं नाव पुढे केलं आहे. मेलेल्या माणसाच्या आडून मुलगी पळवायची. नानकटाईचा डबा परत आणला.

२० जुलै, रविवार

ठरलं. यंदा वेगळी चवथ करणार.

हे लिहिताना हात थोडा थांबला. इथे मूळ घरात एकच गणपती असतो. भाऊ मुंबईला असो नाहीतर मस्कतला, चवथीला तिथेच येतो. कुणी आपल्या घरी वेगळा गणपती आणला म्हणजे चूल मोडली, नातं मोडलं. याहून मोठा घाव मला तरी माहीत नाही. जागच्या जागी बसतील.

ऋतिकाला कळवलं. गणपती आपल्या घरी आहे, म्हणजे तू आपल्या घरी. आली की सुट्टीनंतर थेट कॉलेज. ती म्हणाली, "बघते."

म्हणजे हो.

२९ जुलै, नागपंचमी

चित्रशाळेत गेले. गणपती घडवतात ती शेड. तिथे आपला पाट नेऊन द्यायचा, ते खडूने त्यावर आडनाव लिहितात आणि मूर्ती त्या पाटावर बसते. आमचा पाट पाळीत. मी नवा नेला. चित्रकाराने पाटाखालची किमतीची चिठ्ठी ओरबाडून काढली आणि विचारलं, "पयलेच फावट? मूळ घर खंय?" मी म्हटलं, हेच. त्याने माझ्याकडे बघितलं, मग 'गावस' लिहिलं. अक्षर चांगलं नव्हतं.

भावोजींना व्हॉट्सॲपवर कळवलं. चार ओळी, कोरड्या. दिवसभर फोन हातात धरून बसले. भांडण होणार, रडारड होणार. संध्याकाळी उत्तर आलं. "बरें जालें वयनी. बाप्पा सगळ्यांचो." त्याखाली नाचणारा उंदीर.

उंदराकडे बराच वेळ बघितलं. धक्का बसल्यावर माणसं असंच काहीतरी पाठवतात.

१० ऑगस्ट, रविवार

भट मिळत नाही. सगळे गावोगाव ठरलेले. एकाने दुपारी अडीचची वेळ दिली, तीही 'जमल्यास' म्हणून.

निहारने घरी सांगितलं, मला ऋतिकाच्या रिसर्चला घाला. रंजना माझ्याशी बोलत नाही. हा सूड मी मागितलेला नव्हता, पण मिळाला.

१७ ऑगस्ट, रविवार

आज ह्यांच्या जाण्याची तारीख. ह्यांचा चष्मा पुसून ठेवला. काही लिहायचं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

माटोळीचं सामान घ्यायला डिचोलीच्या बाजारात गेले. म्हापसा जवळ पडतं, पण डिचोलीला फळं ताजी असतात.

बाजारभर टोपल्या. मधोमध शेतीच्या शाळेचा स्टॉल, आणि त्याच्यामागे ऋतिका. ओळखायला वेळ लागला. बाल्कनीतली मुलगी कुणाच्या नजरेला नजर देत नसे. ही एका मोठ्या मिशीवाल्याला म्हणत होती, "दादा, दाबून पळोव नाकात. बी पडटा. फाल्यां तुमच्या नातवाक माटोळी नाका काय?" मिशीवाल्याने हात काढून घेतला.

मी खांबामागे उभी राहून पाहत होते. लपून नाही, ऊन लागत होतं म्हणून. (ढग होते.)

मग पुढे गेले आणि अनोळखी गिऱ्हाइकासारखं म्हटलं, कांगले फारच बारीक आहेत. तिने मान वर केली. "आई! तू कशी आलीस?" हात पुसून मला टोपलीमागे ओढलं, शेजारच्या मुलीला सांगितलं, ही माझी आई. त्या मुलीने मला नमस्कार केला. मला कठोर व्हायचं होतं, पण टोपलीमागे जागा इतकी कमी होती की जमलं नाही.

विचारलं, चवथीला येतेस ना? तिने टोपलीवरचं फडकं सरळ केलं. मग म्हणाली, "आई, यंदा घरची माटोळी मी बांधणार आहे. काकांनी सांगितलंय. पप्पा गेल्यापासून कुणीतरी कशीतरी बांधतं. यंदा मी. तू पण ये ना बघायला."

मी म्हटलं, माझ्या घरात गणपती आहे. गणपती बसला की घर सोडता येत नाही. समई विझता कामा नये, घराला कुलूप लागता कामा नये. आणि घरात मी एकटी.

ती म्हणाली, "अगं, मग तुला यायलाच नाही मिळणार!"

हे मला आधीपासून माहीत होतं. अगदी जुलैपासून. घाई नको म्हणून बोलले नव्हते.

शेवटी सांगून टाकलं. सीट सुट्टीपर्यंतच आहे. चवथीला माझ्या दारात आलीस तर माझी, तिकडे गेलीस तर त्यांची. तिने खाली बघून कांगल्यांची जुडी बांधली आणि माझ्या पिशवीत घातली. एका बाईने विचारलं, "बाय, माट्टी आसा?" तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आसा मगे, आमच्याच शाळेंतली."

येणार. मी आई आहे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

मूर्ती आणली. बिल्डिंग रिकामी झाली. रंजना पेडण्याला, वरचे फोंड्याला, वॉचमनही गावाला. पणजीचे लोक चवथीला पणजीत राहत नाहीत हे मी इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं, कारण मीही राहत नसे. गेली तीन वर्षं होते, पण खिडक्या लावून.

माटोळी बांधायला इलेक्ट्रिशियनला बोलावलं होतं. त्याने पंख्याच्या हुकाला चौकट अडकवली, नारळ बांधला, नारळ पडला, टीपॉयची काच फुटली. तो म्हणाला, "मॅडम, हे आमचं काम नाही." उरलेली मी बांधली. एका बाजूला झुकली आहे. गणपतीला फरक पडत नाही.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

सकाळी ७. मोदक, नेवऱ्या, पाच भाज्या तयार. दोन पानं मांडली. ती पहिल्या बसने निघाली असणार.

११. दुसऱ्या बसने.

दुपारी ३.१५. भट आला. उभ्याउभ्या सगळं उरकलं. विचारलं, घरचे पुरुष कुठे? मी फोटोकडे बोट दाखवलं. त्यानंतर त्याने मंत्र जरा हळू म्हटले.

४.००. ऋतिकाचा व्हिडिओ कॉल. माटोळी दाखवायची होती. आधी छत दिसलं, मग कुणाचं तरी टक्कल, मग काहीतरी हिरवं. पाठीमागे गर्दीचा आवाज, आरती, पोरं. "आई, दिसतंय का? पप्पांसारखी..." आणि रेंज गेली. पाळीत रेंज नाही. हाही त्यांचाच डाव असेल.

५.३०. आरती केली. एकटीने आरती म्हणताना टाळ कोण वाजवतो हा प्रश्न येतो. एका हाताने ताम्हण आणि दुसऱ्या हाताने घंटा, मग टाळ्या राहतात.

नेवऱ्या कुणाला द्यायच्या? सगळी दारं वाजवून आले. कुलुपं.

तिची निवड कळली. उद्या मॅडमना सांगायचं, सीट राहू दे. नको, परवा सांगू.

२८ ऑगस्ट, गुरुवार. सकाळ

घंटी वाजली. ऋतिका असेल म्हणून धावले. दारात कमलाक्षी.

हातात पातोळ्यांचा डबा, हळदीच्या पानांचा वास. चप्पल काढून सरळ आत गेली, गणपतीला नमस्कार केला, वर बघून झुकलेली माटोळी पाहिली. समईत तेल घातलं. माझ्या समईत. मग पदर खोचून खाली बसली. "तुमी वचात, वयनी. हांगा हांव बसतां. हे सकयल गाडी घेवन रावल्यात."

भावोजी खाली गाडी घेऊन उभे म्हणे. मी विचारलं, कुठे जाऊ?

"घरा. आनी खंय?" मग म्हणाली, "ऋतिकान सीटीचें म्हाका सांगलां. कालसावन जेवूंक ना तें चेडूं. म्हणटा, आईन एक फावट माटोळी पळयली की पुरो, मागीर आई म्हणटली तें करतां. पणजे ये म्हणल्यार येता. तुमी पळयल्याबगर कशें जातलें?"

तेव्हा मात्र सगळं तोंडाशी आलं. बोलून टाकलं. तीन चवथी मी तयार होऊन बसले, एक शेंबडं पोर पाठवलं नाहीत मला न्यायला. एवढी जड झाले होते?

कमलाक्षी माझ्याकडे वळून म्हणाली, "आपल्याच घरच्या व्हडल्या सुनेक आपोवणें कोण दिता, वयनी? आमंत्रण परक्यांक दितात. हांवें आपयलें आसतें जाल्यार लोकांनी म्हटलें आसतें, पळे, अभिजीत गेलो आनी वयनीक सोयरी केली." वर म्हणाली, "तीनय वर्सां तुमचें पान वाडून दवरलां. कळाव जाला, येतली म्हूण. मागीर गायक घालतां."

तीन वर्षं माझं पान वाढून ठेवलं, आणि शेवटी गाईला घातलं. मी म्हटलं, मग फोनवर सांगायचं.

"तुमी फोन उखलनात."

हे खरं आहे, पण मुद्दा तो नाही.

साडी बदलली. जायचं ठरवलं आहे, पण का ते लिहून ठेवते. मुलीने शब्द दिला आहे, आईने माटोळी बघितली की ती म्हणेल ते करीन. तिला सगळ्यांसमोर उभी करून सांगायचं, बॅग भर. पाळीच्या घरात, त्यांच्या गणपतीसमोर. सूड पुरा करायला याहून चांगली जागा मिळणार नाही. आणि तोपर्यंत कमलाक्षीला माझ्या गणपतीची सेवा करावी लागेल.

त्याच दिवशी, विसर्जनानंतर

गाडी भावोजी चालवत होते. पाळीच्या वळणावर फक्त म्हणाले, "रस्तो खराब आसा, वयनी. धरून बसात." धरून बसले.

माटोळी पाहिली.

ह्यांची एक पद्धत होती. जड फळं कडेला, मध्ये हलकी रानातली. दारातून वारा आला की मधली हलायची आणि गणपतीवर सावली हलायची. ऋतिका तेव्हा लहान, खाली सुतळीचा गुंडा धरून उभी असायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तरी तशीच बांधली आहे. शेजारचे सगुणमामा दारात टेकून म्हणाले, "अभिजीताची माटोळी परत आयली गो." मी वरच बघत राहिले. मान दुखेपर्यंत. वर बघितलं की डोळ्यांतलं डोळ्यांतच राहतं.

ऋतिका समोर येऊन उभी राहिली. ओठ सुकलेले. "आई, सांग." भावोजींनी नीट ऐकू यावं म्हणून पंखा बंद केला. दारातल्या बायका आत सरकल्या. वाक्य तयार होतं. दोनच शब्द.

तोंडातून आलं, "एवढ्या पावसात तुझ्या रोपांचं पाणी कोण काढतंय?"

ती म्हणाली, "शंभू सर. पण ते चवथीला घरी गेलेत."

म्हणजे कुणीच नाही. दोन दिवस. मी म्हटलं, अगं, मुळं कुजतील सगळी. भावोजी, गाडी काढा.

शाळेत गेलो तर पिशव्या घोटाभर पाण्यात उभ्या. ऋतिका "माझं पेडण्याचं बी, माझं पेडण्याचं बी" म्हणत आत धावली. मी साडी खोचली, कुदळ घेतली आणि चर काढायला लागले. तिनेही एक काढला, तो वाकडा होता, पाणी उलटं यायला लागलं. तिला बाजूला केलं. उतार कुठे आहे ते पायाला कळतं, डोळ्यांनी शोधत बसायचं नसतं. पाणी गेलं. भावोजींनी पिशव्या उचलून फळीवर लावल्या, गावांची नावं मोठ्याने वाचत.

ऋतिका चिखलात बसून बघत होती. म्हणाली, "आई, तुला हे येतं?"

मी म्हटलं, पुस्तकात वाचलंय.

मग तिने विचारलं, "म्हणजे मी इथेच राहू?" मी म्हटलं, आधी तो चर बुजव, कुणीतरी पाय मोडून घेईल. ती बराच वेळ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी होती. चिखल साडीला लागला तो लागलाच.

कमलाक्षीचा फोन आला. उचलला. नाइलाज होता, माझा गणपती तिच्या ताब्यात. "वयनी, सांज जाली. बाप्पाक पावोवपाचो न्हय?"

चिखलासकट पणजीला आलो. कमलाक्षी दिवसभर गणपतीसमोरून उठली नव्हती. जेवली नव्हती. पाठ धरली आहे म्हणाली. चांगली अद्दल घडली. तिला आधी जेवायला वाढलं, कारण रिकाम्या पोटी आरती म्हणवत नाही. भावोजींनी मूर्ती घेतली, ऋतिकाने टाळ. कमलाक्षीचा सूर माझ्यापेक्षा वर जातो. तोही मुद्दाम लावते.

नेवऱ्या सगळ्या संपल्या.

३१ ऑगस्ट, रविवार

मॅडमना फोन केला, सीट दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, मुलीला सध्या वेळ नाही.

सूड अर्थातच बाकी आहे. पण लांब राहून काही होत नाही हे कळलं. म्हणून आता दर रविवारी शाळेवर जाऊन आतून नजर ठेवायची. शंभू सरांचे वाफे फार उथळ आहेत, तिथून सुरुवात करता येईल.

दुपारी ऋतिकाचा फोन. काका साखळीच्या बाजारात चालले आहेत, तुझ्यासाठी गमबूट आणतात, नंबर सांग.

माझा पाच. सहा सांगितला. घालू देत दुसरी खेप.